प्रमाण माणूस

माझा नवरा प्रमाण माणूस होता. किलोचं वजन असतं, मीटरची पट्टी असते, तसं माणूस म्हणजे किती माणूस हे ठरवायचं झालं तर आमच्या ह्यांच्यावरून ठरवायचं, असं तळ्याकाठच्या पक्षी संस्थेने पक्कं केलं होतं. असं काही होणार हे लग्नाच्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा हे त्याच संस्थेत साधे कारकून होते आणि बऱ्यापैकी मिशा बाळगून होते.

संस्थेतल्या डॉक्टरबाईंना एक शोध लावायचा होता. शहर वाढतं, तळ्याभोवती दिवे येतात, गाड्या येतात, माणसं येतात. मग तिथल्या पक्ष्यांचा स्वभाव बदलतो की नाही? बाईंच्या मते माणसांसारखेच पक्षीही काही भित्रे असतात, काही धीट, आणि जशी परिस्थिती तसा त्यांचा स्वभाव घडत जातो. ते मोजायची त्यांची रीत अशी, की एका माणसाने पक्ष्याच्या दिशेने सरळ चालत जायचं. घाई नाही, रेंगाळणं नाही. पक्षी उडाला की त्याच पावलावर थांबून हातातली वाळूची पुरचुंडी खाली टाकायची, आणि पुरचुंडीपासून पक्षी बसला होता तिथवर टेप लावायची. अंतर जास्त तर पक्षी भित्रा, कमी तर धीट. मी शिवणकाम करते, माझी अख्खी हयात टेप लावण्यात गेली, पण उडून गेलेल्या गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं मला कधी सुचलं नाही.

आता पक्षी नेमका कशाला घाबरला यात गोंधळ नको, म्हणून चालणारा माणूस नेहमी एकच हवा. बाईंनी सगळ्या कर्मचाऱ्यांना एकेक करून चालायला लावलं. ड्रायव्हर भांडायला निघाल्यासारखा चालला. हिशेबनीस सारखा मागे वळून बघत होता. ग्रंथपालबाई चालता चालता बोलत होत्या. आमचे हे मात्र सांगितलंय म्हणून चालतो असे चालले, आणि त्यांना थांबा म्हणायचं सगळे विसरले तेव्हा कुंपणापर्यंत जाऊन कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले. बाईंना हवा तो माणूस सापडला. त्या दिवसापासून संस्थेत ह्यांचं नाव प्रमाण पडलं.

प्रमाण बदलून चालत नाही. त्यामुळे आमच्या घरात नियम आले. मिशा गेल्या, त्या पहिल्याच दिवशी. वजन वाढायला बंदी आली, आणि माझ्या हाताला चव आहे याची शिक्षा ह्यांना अर्ध्या ताटावरून उठून भोगावी लागली. शर्ट कायम एकाच मातकट रंगाचा. त्या कापडाचा अख्खा तागाच बाईंनी आमच्याकडे आणून टाकला आणि दर वर्षी जुना विटला की मी त्याच मापाचा, त्याच कॉलरचा नवा शिवायची. केस पांढरे व्हायला लागले तेव्हा बाईंनी कलप पाठवला. छत्री तर कायमची वर्ज्य. सुरुवातीला एकदा तळ्यावर सर आली आणि ह्यांनी फटकन छत्री उघडली, तर तळ्यावरचं झाडून सगळं पाखरू उडालं आणि महिनाभर जवळ फिरकलं नाही. तेव्हापासून पाऊस आला की हे प्रमाणात भिजत असत. आमची लेक शाळेत होती तेव्हा फोटो बघताना म्हणाली होती, "आई, मी मोठी होते, तू जाडी होतेस, बाबाचं काहीच होत नाही."

खरं सांगायचं तर मला राग यायचा. बाई ह्यांना माणूस म्हणून निवडत नव्हत्या, ह्यांच्यात माणूस म्हणून अडचण होईल असं काही नाही म्हणून निवडत होत्या. दुकानात हे उभे राहिले की दुकानदार मागच्याला आधी देतो. रांगेत कुणी ह्यांच्या पुढे घुसलं तर हेच त्याला जरा जागा करून देतात. घरमालकाने नळ दुरुस्त करतो म्हणून वर्षं घालवली, आणि दर भेटीत हे त्यालाच चहा पाजून परत आले. शेवटी मी गेले आणि नळ संध्याकाळी दुरुस्त झाला. स्वभाव परिस्थितीप्रमाणे घडतो म्हणतात, पण आमच्या घरात एकच परिस्थिती असून दोन टोकाचे स्वभाव कसे निघाले, यावर बाईंनी कधी संशोधन केलं नाही.

तळ्यावर मात्र चमत्कार होत होता. वर्षामागून वर्षं टेपवरचं अंतर कमी कमी होत चाललं होतं. पहिल्यांदा हे वळणावर दिसले की उडणारे बगळे आता ह्यांना बाकापर्यंत येऊ देत. मग पायरीपर्यंत. मग तर पाणकोंबड्या ह्यांच्या बुटांच्या आसपास चरायला लागल्या. बाईंनी जाहीर केलं, की शहरातल्या पक्ष्यांची एक नवी निडर पिढी जन्माला आली आहे. परिषदा झाल्या, हार झाले, बाई बाहेरगावी जाऊन भाषणं देऊन आल्या आणि संस्थेच्या संचालक झाल्या. भाषणात पडद्यावर ह्यांचा पाठमोरा फोटो असायचा. खाली लिहिलेलं असायचं, प्रमाण माणूस. चेहरा कशाला लागतो म्हणा.

संचालक झाल्यावर बाईंनी कर्मचाऱ्यांचीही भित्रे आणि धीट अशी वर्गवारी केली. कर्मचारी हुशार, त्यांनी दोन दिवसांत ओळखलं की वर असलेल्यांना धीटपणा फक्त पिसांतच आवडतो. ड्रायव्हर, जो आयुष्यभर भांडत आला होता, तो नम्र झाला. ग्रंथपालबाई बोलायच्या बंद झाल्या. परिस्थिती बदलली की जीव कसा जुळवून घेतो, ते पाहायला खरं तर तळ्यापर्यंत जायची गरजच नव्हती.

एकदा ह्यांचा शर्ट काट्याला लागून फाटला. दुसरा तयार होता, तो घेऊन मी सकाळी तळ्यावर गेले. मी काही पक्षी बघायला जाणाऱ्यातली नाही. फाटकातून आत शिरले, वळण घेतलं, आणि बाक अजून कुठच्या कुठे असताना काठावरचे सगळे बगळे उठले. पाणकोंबड्या लव्हाळ्यात दडल्या. पलीकडच्या बेटावर झाडं घरट्यांनी लगडलेली होती, तिथूनही चार मोठे राखी बगळे उडून घिरट्या घालायला लागले. मला वाटलं मागून कुत्रा आला असेल. वळून पाहिलं तर मागे कुणी नाही, मीच होते.

मग पाणी शांत झालं, पाखरं खाली बसली आणि दुसऱ्या बाजूने हे आले. फाटक्या बाहीचे, वाळूची पुरचुंडी हातात घेऊन. एकही पंख हलला नाही. लव्हाळ्यातून एक पाणकोंबडी तुरुतुरु बाहेर आली आणि ह्यांच्या बुटाची नाडी चोचीने ओढायला लागली. हे खाली वाकले आणि तिला काहीतरी म्हणाले. इतक्या लांबून ऐकू आलं नाही, पण चेहरा दिसला. हा चेहरा मी घरी पाहिला नव्हता.

रात्री जेवताना मी विषय काढला. म्हटलं, अहो, ती पाखरं धीट झालेली नाहीत, मला पाहून तर जीव घेऊन पळाली. तुम्हाला ओळखतात ती. इतकी वर्षं तोच शर्ट, तोच चेहरा, तीच चाल. एवढं जपून एकसारखं ठेवलं तुम्हाला, की तुम्ही पाठ झालात त्यांना.

ह्यांनी ताटातला भात बोटाने एका कडेला सारला. मग म्हणाले, "मला माहीत आहे गं."

मला ठसकाच लागला. हळूहळू बाहेर आलं ते असं. ह्यांना कधीपासूनच माहीत होतं. माळी गेला तर पक्षी उडतात, ड्रायव्हर गेला तर उडतात, हे गेले तर बसून राहतात. ह्यांनी एकदा बाईंना तसं सांगितलंही होतं. बाईंनी मान डोलावली, फार महत्त्वाचं निरीक्षण आहे म्हणाल्या, आणि पुढच्याच आठवड्यात ह्यांना उत्कृष्ट कर्मचारी म्हणून शाल दिली. माळ्याला ठाऊक होतं, ड्रायव्हरला ठाऊक होतं. अख्ख्या संस्थेने मिठाची गुळणी धरली होती, कारण सगळ्यांचीच पोळी त्या निडर पिढीवर भाजली जात होती.

मी विचारलं, मग तुम्ही गप्प का बसलात? तर म्हणाले, "मला बरं वाटायचं." नंतर ते स्वतःहून सांगायला लागले, आणि ह्या माणसाला इतकं बोलता येतं हे मला त्या रात्री कळलं. प्रत्येकाचा स्वभाव कसा वेगळा, ते सांगत होते. बेटावरची एक लंगडी बगळी, जी पूर्वी सगळ्यांच्या आधी उडायची, ती आता पिल्लांना पंखाखाली घेऊन ह्यांच्याकडे बघत बसते. एक पाणकावळा आहे, तो पंख वाळवताना मुद्दाम ह्यांच्याकडे पाठ करतो. आणि ती नाडी ओढणारी पाणकोंबडी सगळ्यांवर खेकसते, दुसऱ्यांच्या चोचीतलं काढून घेते. तिचं नावही ठेवलंय म्हणाले. काय ठेवलं, ते सांगेनात. नंतर लेकीकडून कळलं. ते मी इथे सांगणार नाही, पण माहेरी मला त्याच नावाने हाक मारतात.

हे असंच चाललं असतं, तर चालू दे म्हणून मीही सोडून दिलं असतं. पण शहराच्या तळे समितीच्या अध्यक्षांच्या वाचनात बाईंचा शोध आला. त्यांनी तो कसा वाचला असेल कोण जाणे, पण त्यातलं आपल्याला हवं ते त्यांना बरोबर सापडलं. पक्षी माणसांना घाबरत नाहीत ना? मग बेटावर उपाहारगृह बांधू. अर्धी झाडं तोडायची, अर्धी ठेवायची, ठेवलेल्या झाडांखाली टेबलं मांडायची, आणि लोकांना इंजिनाच्या बोटीतून तिथे न्यायचं. जेवता जेवता हाताच्या अंतरावर पक्षी. नुसते पक्षी नाहीत, निडर पक्षी. काम लगेच सुरू करायचं होतं, कारण उन्हाळ्यात गिऱ्हाईक जास्त. घरट्यांत पिल्लं होती आणि त्यांना अजून उडता येत नव्हतं.

बातमी ऐकली त्या दिवसापासून ह्यांचं जेवण तुटलं. वजन उतरलं तशी संस्थेतून ताकीद आली की प्रमाण कमी होतंय. मी म्हटलं, जा आणि बाईंना स्पष्ट सांगा. हे गेले आणि संध्याकाळी परत आले ते तोंड पाडून. बाईंनी ह्यांना बसवून घेतलं होतं, चहा दिला होता आणि समजावलं होतं, की पक्षी जुळवून घेतात, हे तुम्हीच तर इतकी वर्षं सिद्ध केलंत. शिवाय समितीसमोर प्रात्यक्षिक ठरलंय. अध्यक्ष स्वतः येणार, ह्यांनी नेहमीसारखं चालून दाखवायचं, आणि पक्षी बसून राहिले की परवानगीवर सही होणार. म्हणजे त्या पिल्लांच्या गळ्यावर सुरी ह्यांच्याच पायांनी चालत जाणार होती. हे शब्द माझे. हे फक्त एवढंच म्हणाले, की ती माझ्या भरवशावर बसून राहतात.

प्रात्यक्षिकाच्या आधी बाई स्वतः आमच्या घरी आल्या, नव्या शर्टाची चौकशी करायला. मी काज करत होते. हे आतल्या खोलीत पँटला इस्त्री करत होते, आणि इस्त्रीचा आवाज मध्येच थांबला म्हणजे कान इकडे होते. बाईंनी शर्ट उलटसुलट करून पाहिला, शिवण छान आहे म्हणाल्या. मला राहवलं नाही.

"बाई, एक विचारू? मी गेले तर पाखरं उडतात. तुम्ही गेलात तर?"

बाईंनी शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मी जातच नाही, वहिनी," त्या म्हणाल्या.

"का?"

"गेले तर दिसेल ना." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सगळं आयुष्य मी ह्या एका गोष्टीवर उभं केलंय. आज म्हणू, की चूक झाली? हसतील लोक. तुम्हाला वाटत असेल बाईला काही कळत नाही. कळतं हो. पण कळून करू काय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण त्यांचा चेहरा बघून मी सुई रिळात खोचली. समोर एक घाबरलेलं पाखरू बसलं होतं, खुर्चीवर, उडावं की बसून राहावं हे न कळणारं. बाई शर्टाला पुन्हा एकदा छान म्हणून गेल्या. हे बाहेर आले आणि त्यांनी शर्ट हँगरला लावला.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी मी गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण शर्ट माझा होता. ऊन कडक होतं म्हणून छत्री घेतली होती, आणि फाटकावरच ती मिटायला लावली गेली. काठापासून अंतर राखून मांडव घातला होता, खुर्च्या होत्या, ध्वनिक्षेपक होता. समितीची माणसं पांढऱ्या कपड्यांत आली होती. अध्यक्षांनी भाषण केलं, त्यात निसर्ग हा शब्द इतक्यांदा आला की निसर्गालाही उबग आला असता. बाई भाषणाला उभ्या राहिल्या आणि नेहमीपेक्षा लवकर बसल्या. मग हे निघाले.

नेहमीसारखे. घाई नाही, रेंगाळणं नाही. बगळ्यांनी माना वळवल्या आणि परत पाण्याकडे केल्या. हे बाकापर्यंत गेले, पायरीपर्यंत गेले, पायऱ्या उतरून अगदी पाण्याच्या कडेला उभे राहिले. आजूबाजूला पाखरं जशीच्या तशी. पाणकोंबडी आली आणि नाडी ओढायला लागली. मांडवात टाळ्या पडल्या. अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले, की अहो, ही तर ताटातलं खातील. मग त्यांनी फोटोग्राफरला पुढे व्हायला सांगितलं आणि ह्यांना ओरडून सांगितलं, की जरा पुन्हा करून दाखवा, फोटोसाठी.

हे मागे फिरले. मला वाटलं पुन्हा सुरुवातीच्या खुणेवर जाऊन उभे राहतील. पण खूण ओलांडून ते सरळ माझ्यापाशी आले. चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही, रंग मात्र पार उडालेला.

"छत्री दे," म्हणाले.

लग्नापासून ह्यांनी मला कधी काही मागितलं ते 'मिळेल का' असं विचारून. मी छत्री दिली. हे वळले, खुणेपर्यंत चालत गेले, आणि तिथून छत्री फटकन उघडून तळ्याकडे धावत सुटले. ओरडत. शब्द नव्हताच तो, नुसता आवाज होता, आणि तो ह्या माणसाच्या छातीत इतकी वर्षं कुठे होता देव जाणे. बगळे उठले. पाणकावळे उठले. हे काठाकाठाने धावत होते, छत्री आपटत होते, दगड उचलून पाण्यात भिरकावत होते. बेटावरची सगळी झाडं एकदम पांढरी होऊन वर उडाली, आणि तो सगळा थवा, बाईंची संपूर्ण निडर पिढी, मांडवावरून गेली. घाबरलेलं पाखरू उडताना आधी ओझं कमी करतं. पांढऱ्या कपड्यांवर ते फारसं दिसलं नसतं, पण अध्यक्षांनी वर काय झालं ते बघायला नेमकं तोंड वर केलं होतं.

मांडवात जी पळापळ झाली ती मी नीट पाहिली नाही, याची चुटपुट मला आजही आहे. माझे डोळे काठावर होते. सगळं तळं रिकामं झालं होतं आणि ती एक पाणकोंबडी तेवढी राहिली होती. ती पळाली नव्हती. ह्यांच्याकडे मान तिरकी करून बघत होती, आणि मग, इतकं होऊनही, नाडीकडे यायला लागली. हे थांबले. छत्री खाली आली. मला वाटलं, आता ह्यांच्याने होणार नाही.

"जा," हे म्हणाले. ती आलीच. "जा गं. कळत नाही का तुला? जा." आणि ह्यांनी छत्री तिच्या अंगावर हाणली. लागली नाही, पाण्यावर आपटली, पण तिच्या इतकी जवळ की दोन पिसं पाण्यावर तरंगत राहिली. ती ओरडत लव्हाळ्यात शिरली. हे तिथेच गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि नाक पुसायला लागले, माझ्या नव्या शर्टाच्या बाहीला.

आता बाईंचं कौतुक करायला हवं. बाई खुर्चीतून उठल्या तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. ध्वनिक्षेपकापर्यंत पोचेपर्यंत त्यांच्यात रंग भरला. हा अत्यंत मोलाचा क्षण आहे, त्या म्हणाल्या. निडर झालेले पक्षी एका मर्यादेनंतर अचानक बिथरू शकतात, अशी शंका आपल्याला बरीच वर्षं होती. आज ती सर्वांसमोर खरी ठरली. बेटावर जेवणाऱ्या नागरिकांच्या डोक्यावर, ताटात, लहान मुलांवर काय होऊ शकतं हे समितीने अनुभवलंच आहे. यावर नव्याने प्रदीर्घ संशोधन व्हावं. मी आ वासून बघत राहिले. कुठल्याही पाणकोंबडीने परिस्थितीशी इतक्या चटकन जुळवून घेतलं नसतं.

अध्यक्ष तोंड धुऊन आले आणि त्यांनी पक्ष्यांच्या स्वभावाचा भरवसा नाही असं मत दिलं. उपाहारगृह शहराच्या दुसऱ्या टोकाला खाणीच्या तळ्यावर गेलं, जिथे पक्षीच नाहीत. तिथे आता सिमेंटचे बगळे बसवलेत, ते खरोखरच निडर आहेत. बाईंचा नवा शोध पहिल्यापेक्षा जास्त गाजला. बेटावरची पिल्लं त्या हंगामात उडाली.

ह्यांना संस्थेने पुन्हा कारकुनीत टाकलं. कारण दिलं, उपकरणात बिघाड. नवा प्रमाण माणूस नेमलाय, त्याला मिशा ठेवायची परवानगी आहे. ह्यांनीही मिशा वाढवल्या. कलप बंद झाला, पांढरे केस आले, पोट सुटलं, आणि लेकीने फोटो पाहून सांगितलं की बाबा एकदम म्हातारा झाला. मातकट तागा मी पिशव्या शिवून संपवला आणि ह्यांना निळ्या चौकडीचा शर्ट शिवला. आरशासमोर उभे राहून म्हणाले, "मीच का हा?"

त्यानंतर बरेच महिने हे तळ्याकडे फिरकले नाहीत. एका सुट्टीच्या सकाळी मीच जबरदस्तीने बाहेर काढलं. म्हटलं, मिशा, पोट, चौकडी, कोण ओळखतंय तुम्हाला आता. लांबून बघून येऊ. फाटकापाशी पोचलो तेव्हा आत पुष्कळ लोक फिरत होते. मुलं धावत होती, एक आजोबा काठी आपटत चालले होते. वळणाच्या पलीकडे, लोकांपासून बरेच लांब, बगळे निवांत उभे होते. एवढ्या लांबून माझ्याकडेसुद्धा त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही.

हे माझ्या मागून फाटकातून आत आले. घाई नाही, रेंगाळणं नाही. चार पावलं टाकली असतील नसतील, तोच तळ्याच्या त्या टोकाला एक पाणकोंबडी खेकसली, आणि सगळं तळं उठलं. बगळे, पाणकावळे, बेटावरचे राखी बगळे, सगळे. मुलं थांबून वर बघायला लागली. शर्ट, मिशा, वजन, कलप, इतकी वर्षं मी जे जे सांभाळलं त्यातलं काहीही त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ती ह्यांना चालीवरून ओळखत होती, आणि ती चाल ह्यांना कधीच बदलता आली नसती.

हे जागच्या जागी थांबले. खिशात हात घातला, पुरचुंडी शोधल्यासारखा, आणि रिकामा बाहेर काढला. फाटकापासून त्या टोकापर्यंत नजरेनेच माप घेतलं. मला वाटलं हे आता रडतील, म्हणून मी ह्यांचा हात धरला, तर हे हसत होते.

"पहिली तीच उडाली. पाहिलंस?" हे म्हणाले. "आता माझ्या भरवशावर कुणी तिला फसवू शकणार नाही."

मग म्हणाले, चल, उगाच त्यांना किती वेळ हवेत ठेवायचं. आम्ही फाटकातून बाहेर पडलो आणि हे रस्ताभर मागे वळून वळून ती खाली बसली का ते बघत होते.